बुधवारचा अक्षरांचा खेळ

“पडद्यावर संवादांची अक्षरं आली की बाकीच्यांचा रस जातो हो,” थिएटरचा मॅनेजर म्हणाला. अर्ज ताईचा होता, पण बोलत होता तो माझ्याशी.

ताईनं त्याच्या ओठांकडे निरखून पाहिलं. “महिन्यातून एक खेळ. तेवढाच मागतेय.” आवाज नको तितका चढला. बाहेरच्या रांगेतल्या माना वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पुरे ना, ताई. घरी टीव्हीवर बघू.”

तिनं माझेही ओठ वाचले आणि अर्ज घडी करून पिशवीत ठेवला.

ताई इस्पितळाच्या शिवणखोलीत चादरी शिवायची. चाळिशीत तापाचं निमित्त झालं नि दोन्ही कान गेले. तोवर आम्ही बहिणींनी एकही शुक्रवारचा सिनेमा चुकवला नव्हता. नंतरही मी तिला सिनेमाला नेलं. “काय म्हणाला गं?” ती कोपरानं ढोसायची. अंधारात ओठ दिसत नाहीत, म्हणून मी तिच्या तळव्यावर बोटानं लिहायची. पुढे पुढे ‘नंतर सांगते’ एवढंच. मग कंटाळून नेणंच सोडलं.

त्या दिवसानंतर ती एकटीच हिंडली. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन घरोघर. एका कानानं अधू पोस्टमन, निवृत्त शाळामास्तरीण, “मला चांगलं ऐकू येतं” असं ठणकावून सही करणारे एक आजोबा. दोन वर्षांत सव्वाशे सह्या झाल्या. माझी तिनं मागितली नाही. मीही आपणहून केली नाही.

शेवटी मॅनेजर नमला. महिन्यातला पहिला बुधवार, दुपारचा खेळ.

पहिल्या बुधवारी मी तिच्या शेजारी बसले. सिनेमा जुनाच होता, आम्ही एकत्र पाहिलेला. मध्यंतरापर्यंत तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. दिवे लागल्यावर म्हणाली, “स्टेशनवरच्या त्या प्रसंगाला तू ‘भांडतायत’ लिहिलं होतंस.”

“हो का?”

“अगं, ते तर एकमेकांची माफी मागत होते.”

हे ती रागानं म्हणाली नाही. राग परवडला असता.

पुढच्या महिन्यात मी विचारलं, “येऊ का गं?”

“तू कशाला रजा टाकतेस? आम्ही आहोत की सगळे.”

तरी मी गेले. खेळ सुटला तेव्हा रस्त्याच्या अलीकडे उभी होते. पायऱ्यांवर ताई, पोस्टमन, मास्तरीणबाई हातवारे करत, पाटीवर लिहीत सिनेमा पुन्हा रंगवत होते. ताई खळखळून हसली. ते हसू तिला ऐकू येत नव्हतं. मला रस्त्यापलीकडून स्वच्छ ऐकू आलं.