गंजाने धरून ठेवलेली टाकी

मित्रांनो, मी पेट्रोलची टाकी. एका जुन्या मोटारसायकलची. सध्या माळ्यावर एका फुटक्या बादलीशेजारी पडून असते. ऐकणारं कुणी भेटलं, की मला बोलल्यावाचून राहवत नाही. आज तुम्ही तावडीत सापडलात!

पत्र्याचे दोन तुकडे दाबून, वाकवून, कडेने जोडून मला कारखान्यात घडवलं. वर गडद निळा रंग चढला. काय तोरा होता माझा तेव्हा! माझे मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठे माणसं अडकली, की हातातला घास टाकून निघायचे. घाईत डबा विसरतील, चष्मा विसरतील, पण माझं झाकण उघडून आत डोकावल्याशिवाय कधी निघाले नाहीत. त्यांची लेक लहानपणी पुढे माझ्यावरच बसायची आणि "बाबा, अजून जोरात!" म्हणत मला टाचा मारायची. लागायचं, पण बरं वाटायचं.

पुढे बाबांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आले ते पलंगावरच. मी जिन्याखाली. शेजारीण म्हणाली, "अगं, जिन्याखाली पेट्रोल? विस्तवाशी खेळ आहे हा!" लेक घाबरली. तिने मला रिकामं केलं आणि झाकण घट्ट लावून टाकलं. बाबांना कशाला त्रास, म्हणून त्यांना विचारलं नाही.

जीव लावायची हो ती मला. सुट्टीच्या दिवशी मऊ फडक्याने पुसायची, पॉलिश लावायची. बाहेरून मी चकाचक, आणि रिकाम्या पोटात कोंडलेल्या ओलसर हवेने गंज धरलेला. वरून कीर्तन, आतून तमाशा! अशी वर्षं गेली. आत बघायचं कुणाला सुचलंच नाही.

मग डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार दिवस नाहीत. त्याच दुपारी बाबा म्हणाले, "गाडी एकदा चालू कर गं. आवाज ऐकायचाय."

तिने झाकण उघडलं, तर आतून तांबडी भुकटी सांडली. तिचा चेहराच उतरला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने उपाय सांगितला, "व्हिनेगर भर, मूठभर नट टाक, हलव. पण एकच रात्र ठेव हं. पत्रा म्हातारा झालाय." तिने मला गाडीवरून उतरवलं, गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि खुळखुळवलं. माझं पोट आतून सोलून निघालं. सकाळी गढूळ तांबडं पाणी ओतताना ती बाबांना म्हणाली, "बाबा, अजून थोडं तांबडं येतंय."

"मग अर्धवट सोडू नकोस," बाबा पलंगावरून म्हणाले. "काम करायचं तर पुरं करायचं."

ती त्यांचीच लेक! तिने ताजं व्हिनेगर भरून मला आणखी ठेवलं, आणखी हलवलं. अति तेथे माती, मित्रांनो. शेवटी पाणी नितळ आलं, आणि माझ्या तळाला भोकं दिसली. पत्रा कधीच झिजला होता, मला गंजानेच धरून ठेवलं होतं.

"ही आता जोडण्यापलीकडे गेली," मेकॅनिक म्हणाला. तिकडे बाबांना धाप लागली होती. मेकॅनिकने पेट्रोलची बाटली हँडलला टांगली, तिची नळी थेट इंजिनाला जोडली आणि किक मारली. गाडी जुन्याच आवाजात सुरू झाली. मी भिंतीशी पालथी पडून ऐकत होते. माझ्यावाचून तिचं अडलं नाही, हे फार लागलं मला.

बाबांचे डोळे भरून आले. "टाकी बसवलीस ना?"

"बसवली, बाबा."

"मग काठोकाठ भरून ठेव. रिकामी राहिली की आतून गंजते."

लेक स्वयंपाकघरात गेली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. त्याच आठवड्यात बाबा गेले.

नातेवाईक म्हणाले, भंगारात देऊन टाक. तिने मला माळ्यावर ठेवलं. कधीतरी वर चढते, माझ्यावर हात ठेवून बसते. पुसत मात्र नाही.

मित्रांनो, माझी कीव करू नका. पत्र्याची कसली कीव? पण तुमच्या घरातही कुणी जाणतं माणूस पलंगावर पडून असेल. त्याला त्रास नको म्हणून गप्प बसू नका. जे त्याला ठाऊक आहे, ते आजच जाऊन विचारा. विचारलेलं त्याला हवंच असतं.