पूर्वजांच्या वाटचा घोट

मी अरेका पाम बोलतोय. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर उगवलेला, आणि सध्या शुद्धीवर असलेला.

समुद्राकाठच्या दमट सावलीत मी वाढलो. तिथल्याच फांजाचं लग्न झालं तेव्हा तिने मला कुंडीत घालून डोंगरावरच्या राजधानीत, सासरी आणलं. सासूबाईंना मी फार आवडलो, आणि तिथेच माझा घात झाला.

"मानाचा आहे हो पाहुणा," म्हणत त्यांनी मला ईशान्य कोपऱ्यात बसवलं. तो कोपरा पूर्वजांचा. खिडकी पश्चिमेला, ऊन माझ्यापर्यंत यायच्या आतच मावळे.

त्यात घरात कुणीही बाटली उघडली की पहिला घोट पूर्वजांना, त्याच कोपऱ्यात. म्हणजे माझ्या मुळांत! साखरपुडा ठरला, रम. बारसं झालं, रम. हरवलेलं बदक सापडलं, तरी रमच.

माझी पानं पिवळी पडली. सासूबाई घाबरल्या. "पूर्वज रागावले गं! आण बाटली."

फांजा मातीत बोट घाली, वास घेई आणि बोट पुसून कामाला लागे. नव्या सुनेने सासूला शहाणपण शिकवावं, अशी सोय त्या घरात नव्हती. पण माझा एकच हिरवा कोंब उरला, तेव्हा सकाळी भात वाढताना ती हळूच म्हणाली, "आई, स्वप्नात आजेसासरे आले होते."

सासूबाईंचा चमचा हवेतच थांबला. "कबरीत थंडी वाजते म्हणाले? अंगाभोवती गुंडाळायला नवं कापड हवंय?"

"नाही. म्हणाले, माझ्या वाटची सगळी ते झाडच ढोसतंय."

"अगं बाई! उचल, उचल आधी ते!"

दोघींनी मला दाराबाहेर काढलं. फांजाने माझी कुजकी मुळं कापली, कुंडीला भोक पाडलं, वाळू घातलेली माती भरली. एकदम उन्हात नाही, आधी वळचणीला ठेवलं. थंडीत मी खिडकीशी असतो.

परवा मला नवं पान फुटलं. फांजा पाणी घेऊन आली, तर सासूबाईंनीच आधी मातीत बोट खुपसलं. "ओली आहे, आज नको." मग माझ्याकडेच बघत म्हणाल्या, "आणि सूनबाई, तुझ्या आजेसासऱ्यांनी जन्मात दारूला हात लावला नाही. पुढच्या वेळी स्वप्नात माणूस बघून आणत जा."

फांजा कानापर्यंत लाल झाली. सासूबाई मात्र पदराआड हसत होत्या.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला उजेडात ठेवा, आणि पाहुण्यांचा उरलेला चहा त्याला पाजू नका. आणि मान म्हणाल, तर तो आम्हाला पचत नाही.