वरून दिसणारी गाडी

"मामा, आज तुम्ही वर जा. मी बसते गाडीत."

"आणि गाडी घरंगळली म्हणजे?"

"चाकाखाली दगड आहेत, हँडब्रेक आहे, वर माझं वजन आहे. जा हो!"

गाईडबाईने मामांच्या हातातली किल्ली काढूनच घेतली.

*सकाळी ११. डोंगरावरील प्राचीन मठ. पायऱ्या ३४०. चढण्यास सोपे.*

सहलीच्या पत्रकात असं छापलं होतं. लिहिणारा कधी चढला नसणार. मामाही चढले नव्हते. सव्वीस वर्षं सहलीच्या गाडीचे चालक म्हणून ते माणसांना या पायऱ्यांशी सोडत आणि उतारावर गाडी राखत बसत. आजची खेप शेवटची, उद्यापासून निवृत्ती.

फक्त एकदा, एक सीट रिकामी होती म्हणून, बायकोला आणलं होतं. दीड तासाने ती खाली आली, तोंडभर हसत.

"कसा आहे गं मठ?"

"छान आहे. शांत." आणि लगेच, "अहो, तुम्ही दिसत होता वरून! गाडी काडेपेटीएवढी. तुम्ही काच पुसलीत, डोकं खाजवलंत, मग टायरला लाथ मारलीत. का हो मारलीत?"

त्यानंतर दर खेपेला मामा गाडीपाशी ताठ उभे राहू लागले. डोकं खाजवायचं झालं तर गाडीच्या आड जात. ती जाऊन चौदा वर्षं झाली, तरीसुद्धा. न जाणो, वरून कोणी बघत असेल.

आज मठाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ती जिथून बघत होती तिथून एकदा खाली बघायचं होतं, एवढंच.

नजर पायरीवर, हात कठड्यावर. गुडघे कुरकुरत राहिले. वर पोचेपर्यंत छातीचा भाता झाला.

दगडी अंगण, दिव्याच्या तेलाचा वास, दोरीवर वाळणारी वस्त्रं. मामा अंगणाच्या चारी कडांनी फिरले. दरी. ढग. लांब समुद्राची रेघ.

"काही हरवलं का?" अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्या संन्याशाने विचारलं.

"खाली गाड्या लावतात ती जागा कुठून दिसते?"

"इथून नाही दिसत. मध्ये डोंगराचं पोट येतं."

"पूर्वी दिसत असेल."

"डोंगर तोच आहे," संन्यासी म्हणाला आणि झाडू लागला.

म्हणजे थाप! इतकी वर्षं हा माणूस उन्हात ताठ उभा, कुणासाठी? मामा तरातरा उतरू लागले. शंभर पायऱ्या, दोनशे.

मग एक वळण. वळणावर दगडी बाक. चढताना त्याच्या समोरून गेले होते, पण मान खाली होती.

खाली गाडी. काडेपेटीएवढी. दारात बसून गाईडबाई नखं खात होती. नखं खाताना दिसत होती.

मामा बाकावर बसले.

बायको वर गेलीच नव्हती.

दम लागला असणार. दम तिला तेव्हापासूनच लागत होता, आणि तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. इथे बसली. दीड तास. मठ बघायला आलेली बाई नवऱ्याकडे बघत बसली, आणि खाली येऊन म्हणाली: छान आहे. शांत.

आणि आपण? टायरला लाथ.

*दुपारी १. भोजन.* झालं अडीचला. चालकच उशिरा उतरला, कुणाकडे तक्रार करणार?

"मामा, मठ कसा होता?"

"बाक चांगला आहे."

"काय?"

"काही नाही. माणसं मोज."

*सायंकाळी ६. समुद्रकिनारा. एक तास मोकळा वेळ.*

या तासात मामा नेहमी सीट मागे करून डुलकी काढत. आज त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चालत गेले.

सात वाजले. माणसं पायांची वाळू झटकत चढली. चालकाची जागा तेवढी रिकामी.

"हॉर्न द्या की, बाई," मागून एक आजोबा म्हणाले.

गाईडबाईने हात हॉर्नपर्यंत नेला आणि त्याऐवजी दिवे लावले. उजेड वाळूवरून पाण्यापर्यंत गेला. तिथे मामा उभे होते, पाठमोरे, गुडघाभर पाण्यात.

आजोबांनी खिडकीची काच खाली केली. मग पुढच्यांनीही. सगळे तिकडे बघत राहिले.