दोर धरणारा

ओसाकाच्या त्या कंपनीत माणसं मोजून सहा, त्यात आपली पुण्याची संपदा एक. दुसऱ्यांसाठी व्हिडिओ गेम करून द्यायचे. खोक्यावर नाव त्या दुसऱ्यांचंच. पण १९९९ साली तेही काम आटलं. हाती उरला कुवेतच्या एका छोट्या संग्रहालयाचा मोती काढण्याचा गेम. तो पसंत पडला नाही तर कंपनीला कुलूप लागेल, हे मालक ओकुदांनी तिला कुवेतला निघतानाच स्वच्छ सांगितलं होतं.

संग्रहालयाच्या वतीनं पसंती द्यायची होती हारूनआजोबांनी. वय ऐंशीच्या घरात, तरुणपणी समुद्रातून मोती काढलेला माणूस. शिडाच्या जहाजातून मुंबईच्या फेऱ्या केलेल्या, त्यामुळे हिंदी फर्डी बोलायचे. पडद्यावरच्या पाणबुड्यानं बुडी मारली, शिंपले गोळा केले आणि दम संपत येताच आपला आपण वर आला. आजोबा खवळलेच.

"दोर कुठाय? दोर धरणारा कुठाय? अगं, हा तर मेला!"

घोळ कुठं झाला ते संपदाला तिथंच कळलं. ओकुदांची आई जपानच्या किनाऱ्यावरून शिंपल्यांसाठी एकटीच बुड्या मारायची आणि स्वतःच वर यायची. त्यांनी पाणबुड्या थेट तिच्यावरून बेतला होता. इथं मात्र पायात दगड अडकवून खाली जायचं आणि दोराला हिसका दिला की नावेतल्या जोडीदारानं वर ओढायचं. तो पेंगला की कारभार आटोपला! शहाण्यांनो, आधी विचारायला काय झालं होतं?

कुवेतच्याच रिग्गई भागात तिचे काका राहायचे, त्यांच्या घरून तिनं ओसाकाला फोन लावला. दोराची गोष्ट सांगितली. ओकुदा म्हणाले, "म्हणजे गेम दोघांनी खेळायचा. चार दिवस मागून घे."

मिळाले बाई एकदाचे! सहाही जणांनी कंबर कसली.

पाचव्या दिवशी सुधारलेल्या गेममध्ये संपदा पाणबुड्या झाली आणि आजोबांनी दोराचं बटण धरलं. एवढा एकच शिंपला, एवढाच, करता करता तिचा दम संपत आला. हिसका द्यायचं भानच राहिलं नाही. आजोबांनी वाट न पाहता तिला ओढून काढलं.

"हावरट कुठली!" ते ओरडले, पण डोळे हसत होते. तिला हसावं की रडावं कळेना. तिनं पसंतीचा कागद पुढे केला.

"सही करतो गं पोरी," आजोबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "आधी दोर तू धर. मला खाली जायचंय."