जाड झालेला मेंढा

मेंढाचोरीची शिक्षा भोगून आलेल्या संपतला कुणी कामावर घेईना. खुटबावात रविराजनं शेळ्यांचा फार्म काढला, तसा तो तिथं गेला आणि सगळं खरं सांगून मोकळा झाला.

"तुझ्याबद्दल चांगलं बोलणारं कुणीतरी आण," रविराज म्हणाला.

संपतनं ज्यांचा मेंढा चोरला होता, त्या तात्याबांनाच आणलं.

"शिक्षा भोगली, फिटलं! आता काम मागायचा हक्क हाय का न्हाई त्याला?" तात्याबा कडाडले. "आन् पोलिसांनी मेंढा परत आणला, तवा माझ्याकडं व्हता त्याच्या दुप्पट झाल्ता!"

संपतनं लाजून मान खाली घातली.

रविराज हसला. "उद्यापासून ये. पण तात्याबा, ह्यानं माझ्या शेळ्या पळवल्या तर?"

तात्याबांनी गोठ्यावर नजर फिरवली. "ह्या हाडकुळ्या? तेवढंच भलं व्हईल त्यांचं!"