सत्तावीस नंबरची गाडी

“बिल्ला आण अन् गाडी ने,” पंजाबराव मान वर न करता म्हणाले.

“मोठेबाबा, मी समता हाव. तुमच्या सख्ख्या भावाची पोरगी. मलेबी बिल्ला?”

“तुलेबी.”

समतेने कपाळावर हात मारून घेतला. डोणगावच्या दवाखान्यात तिला नुकतीच नर्सची नोकरी लागली होती. बस कधी यायची, कधी यायचीच नाही. आणि इथे मेहकरच्या बसस्थानकाशेजारी, मोठेबाबांच्या सायकल स्टँडवर, त्यांच्या मुलाची, प्रेमानंददादाची स्कूटर तीन वर्षं भिंतीला टेकून आराम करत होती.

“उभी राहू राहू सडून जाईन थे.”

“सडत नाही. रोज पुसतो. रविवारी चालू करून पाहतो. गिऱ्हाइकाची गाडी हाय.”

“दादा गिऱ्हाईक झाला काय आता?”

“बिल्ला त्याच्यापाशी हाय ना.”

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. समता बस पाहायला निघून गेली.

नाव सायकल स्टँड असलं तरी आता सायकली औषधालाही सापडत नाहीत, सगळ्या मोटारसायकली. पद्धत मात्र जुनीच. एका नंबरचे पत्र्याचे दोन बिल्ले. एक गाडीच्या हँडलला, दुसरा मालकाच्या हातात. बिल्ला आला की गाडी सुटते. बिल्ला नसेल, तर स्टँडवर उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या जाईपर्यंत थांबायचं. पंजाबरावांनी एकदा खुद्द आपल्या सासऱ्यांना असं थांबवलं होतं. सासऱ्यांचं एका लग्नातलं जेवण हुकलं, आणि ते पुढे कितीतरी दिवस जावयाशी बोलले नाहीत.

प्रेमानंद शिकायला पोलंडला निघाला, तेव्हा त्याने स्कूटर स्टँडवर आणून लावली आणि हात पुढे केला. “बाबा, बिल्ला द्या. वापस आलो का गाडी नेतो.” त्याची आई, बनाबाई, पदर तोंडाला लावून हसली. पंजाबरावांनी अगदी गंभीर चेहऱ्याने सत्तावीस नंबर त्याच्या तळहातावर ठेवला. तेव्हापासून संध्याकाळी फाटक लावताना हँडलवरचा जोडबिल्ला दिसला की त्यांना बरं वाटायचं. गाडी आहे, बिल्ला बाहेर आहे, म्हणजे मालक येणार. इतका सरळ हिशोब होता.

मागच्या वर्षी बनाबाई गेल्या. प्रेमानंदचं तिथं राहण्याचं कार्ड अडकलेलं होतं. देश सोडला असता तर परत आत घेतलं नसतं. अंत्यविधीच्या वेळी कोणीतरी मोबाईल उंच धरला आणि त्याने आईला त्यातून पाहिलं. “कार्ड आलं का येतो, बाबा,” एवढंच तो म्हणाला. चारच दिवसांनी पंजाबरावांनी स्टँड उघडला. लोक म्हणाले, मन घट्ट आहे माणसाचं. घट्ट कसलं! चहात साखर आहे की नाही हेही त्यांना कळत नव्हतं. काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही त्यांना काही नव्हतं.

समता बसने गेली त्या दिवशी दुपारी संजीवनी मॅडम आल्या. कॉलेजातून निवृत्त झालेल्या, स्टँडच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या आणि त्यांचे यजमान नुकतेच पोलंड फिरून आले होते. क्राकोव नावाच्या शहरात प्रेमानंदने त्यांना फिरवलं होतं.

“पंजाबराव, तुमच्या पोरानं काय फिरवलं आम्हाले! आम्ही म्हटलं, दिवस मावळला, आता जेवून झोपायचं. तर हा म्हणे, मॅडम, खरं शहर आता सुरू होते. अहो, जमिनीखाली विटांची जुनी तळघरं, अन् त्यात बाजा! एका ठिकाणी तं टेबल म्हणून शिवणाच्या मशिनी ठेवलेल्या. साहेब बसल्या बसल्या पायडल मारत होते. एका जुन्या घराच्या दिवाणखान्यात पियानो ऐकला. पुढे एक गाव लागलं, तिथं बंद पडलेल्या कापड गिरण्या. आत आता सिनेमा, गाणंबजावणं, खानावळी. म्हटलं, आपल्या नांदुऱ्याच्या बंद कापूस-जिनिंगवाल्यांनी एकदा येऊन पाहावं!”

पंजाबराव ऐकत होते. हातातल्या फडक्याने बिल्ले पुसून खिळ्यांना लावत होते.

“आमचा प्रेमा काय काम करते तिथं? मले म्हणे, प्रोग्रामच्या हॉलमंधी हाय.”

“आहेच की! दाराशी कोट सांभाळते. तिथं कोट घालून आत जाऊ देत नाहीत. हा कोट घेते, टांगते, अन् नंबरचा बिल्ला देते. मी साहेबांना म्हटलं, पाहा, बापाचाच धंदा!” मॅडम मोकळेपणाने हसल्या.

पंजाबरावांचा हात थांबला. “अन् बिल्ला हरवला तं?”

“मीबी हेच विचारलं. हरवला तर सगळे जाईपर्यंत थांबायचं. शेवटी जो कोट उरला तो तुमचा.”

“बराबर हाय,” पंजाबराव म्हणाले. मग पुढचा बिल्ला खिळ्याला लावत, “त्याचं कार्ड आलं काय?”

“केव्हाच! उन्हाळ्यातच आलं. आता तिथंच लहानसं घर पाहून राह्यला. अन् हो, विसरलीच...” त्यांनी पर्स उघडली. “हे तुमच्यासाठी दिलं. म्हणे, बाबाले द्या, ते समजतील. मले वाटलं तिथली काही वस्तू असन, तर हा तुमचाच बिल्ला!”

सत्तावीस नंबर. खिशात राहून राहून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. आकडा जेमतेम वाचता येत होता.

पंजाबरावांना राग यायला हवा होता. आला नाही. कार्ड येऊनही पोराने सांगितलं नाही, फोनवर त्याची जीभ उचलली नसेल, हे त्यांना समजलं. तो येणार नाही, हेही समजलं. “चहा घेता काय, मॅडम?” त्यांनी विचारलं. मॅडम नको म्हणाल्या आणि आपली गाडी घेऊन गेल्या.

संध्याकाळी समता बसमधून उतरली, दमलेली. पंजाबरावांनी तिला हाक मारून बिल्ला तिच्या हातात ठेवला. तिने पाहिला आणि तिचा चेहरा उजळला.

“दादा येऊन राह्यला?”

“नाही.”

“मंग?”

“बिल्ला आला. दे इकडं.”

तिने तो परत दिला. पंजाबरावांनी चष्मा लावून बिल्ला हँडलवरच्या बिल्ल्याशी ताडून पाहिला, कोणाही गिऱ्हाइकाचा पाहतात तसा. हँडलवरचा सोडवून घेतला. सीट आणखी एकदा पुसली. स्कूटर फाटकापर्यंत स्वतः ढकलत आणली आणि तिच्या हातात दिली.

“मोठेबाबा...”

“अंधार पडाच्या आत जाय. हळू चालव.”

ती गेली. भिंतीशी, स्कूटर उभी होती तिथं, जमिनीचा एक तुकडा वेगळ्या रंगाचा दिसत होता. तेवढ्यात एक अनोळखी माणूस मोटारसायकल घेऊन आत आला.

“कुठं लावू, काका?”

पंजाबरावांनी भिंतीकडे बोट केलं. एक सत्तावीस हँडलला अडकवला, दुसरा त्या माणसाला दिला.

“हरवू नका.”

“हरवला तं?”

“तं सगळे जाईस्तोर थांबा लागते,” पंजाबराव म्हणाले, आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसले.