शेंदूर फासलेली गाडी

माझा मुलगा विलास कांदे घेतो तेव्हा एकेक कांदा दाबून बघतो. कलिंगडवाल्याला तर तो रडकुंडीला आणतो. सात वाजवणार आणि आठवं उचलणार. असा हा चिकित्सक माणूस माझ्या नातवासाठी, कुंदनसाठी, जुनी मोटरसायकल घ्यायला गेला आणि गाडीपुढे डोळे मिटून, हात जोडून उभा राहिला. मी म्हटलं, "अरं, डोले उघडून बघ तरी." तर पन्नास माणसांत मला म्हणाला, "आये, तू गप बस. तुला गाडीतलं काय कलतं?"

चौथी शिकलेल्या आईला चारचौघांत गप कसं बसवायचं, हे त्याला कॉलेजात शिकवलं असेल. मी गप बसले. तोंडाने बसले. डोळ्यांना कोण बसवणार?

जागा उरणजवळच्या द्रोणागिरीला, गोदामांच्या मागच्या फरशी घातलेल्या मोकळ्या प्लॉटवर. लग्नाला घालतात तसा मांडव आणि त्यात वीस-पंचवीस जुन्या मोटरसायकली ओळीने उभ्या. प्रत्येकीच्या हँडलला झेंडूचा हार, टाकीवर हळदीकुंकू, आणि हँडलच्या खाली, जिथे गाडीची मान असते तिथे, मारुतीला लावतात तसा शेंदराचा जाड थर. गाड्यांपुढे रांगोळी. अगरबत्तीचा धूर एवढा, की गाडीने धूर सोडला तर तो वेगळा दिसू नये. मांडवाच्या तोंडाशी फलक होता: 'कुलदीप महाराज. गाडी आपला धनी ओळखते.'

महाराज प्लास्टिकच्या खुर्चीवर. भगवं उपरणं, पांढरे बूट. पाय धुवायला ठेवले तर बूट आधी काढावे लागतील, म्हणून भक्त बुटांनाच नमस्कार करत होते.

"माऊली, गाडी लोखंडाची नसते," महाराज माईकवरून सांगत होते. "गाडी कर्माची असते! टायर झिजतो, कर्म झिजत नाही. शोरूमवाला तुम्हाला गाडी विकतो. आपण विकत नाय. आपण गाडीचं लग्न लावून देतो! तिने ज्याला धनी मानलं, त्याच्या अंगाला रस्त्यावर ओरखडा येणार नाही. ही आपली ग्यारंटी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात विलासने.

त्याला हसू नका. मीही हसले नाही. कुंदनला न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात नोकरी लागली आहे. आमच्या जासईहून रोज जायचं, रोज यायचं, आणि रस्ता सगळा ट्रेलरचा. विलासचा जिवाभावाचा सोबती देवजी मागच्या वर्षी त्याच रस्त्यावर ट्रेलरच्या मागच्या चाकांत गेला. विलासने त्याला स्वतःच्या हातांनी उचललं होतं. तेव्हापासून कुंदन घरी येईपर्यंत हा माणूस ओटीवर बसून राहतो, जेवायचं नाव काढत नाही. अशा माणसाला कुणी 'ओरखडा येणार नाही' म्हटलं, की तो कांद्यासारखा दाबून बघत नाही. त्याला ते खरं हवं असतं.

चमत्कार असा होता. घेणाऱ्याने टाकीवर उजवा हात ठेवायचा. गाडीला कुणी चावी लावायची नाही, किक मारायची नाही. महाराज दहा पावलांवर खुर्चीत. ते डोळे मिटून पुटपुटत आणि गाडी आपोआप फुर्र करून सुरू होई! बायका गालांवर चापट्या मारून घेत. पुरुष मोबाइल वर धरत.

आमच्या आधी मितेश नावाचा एक तरुण होता, तिथल्याच कुठल्या सोसायटीतला. त्याने टाकीवर हात ठेवला आणि विचारलं, "महाराज, थोडं कमी करा ना. टायर पण गेलेत."

महाराज पुटपुटले. गाडी सुरू होईना. पुन्हा पुटपुटले. गाडी गप्प.

"नाराज झाली," महाराजांनी मान हलवली. "बायको करायला आलास आणि तिच्यासमोर तिची किंमत करतोस? माफी माग."

मितेश बिचारा घाबरला. त्याने टाकीला हात जोडून माफी मागितली, सांगितलेल्या किमतीला हो म्हटलं, आणि गाडी लगेच फुर्र!

तेव्हा माझे कान टवकारले. मी पन्नास वर्षं उरणच्या बाजारात मासळी घेते. एवढं कळतं, की भाव केल्यावर जी रुसते ती मासळी नसते, कोळीण असते.

मग आमची पाळी आली. गाडी दिसायला झकपक, काळीभोर. मी पुढे होऊन इंजिनला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला. तव्यासारखं तापलेलं!

"महाराज, ही गाडी सकालपासनं उभी हाय ना?"

"तीन दिवस हलली नाही, माऊली."

"मंग तापली कशी?"

"शक्तीची ऊब आहे ती."

"आजी बरोबर बोलते, पप्पा," कुंदन हळूच म्हणाला. "जुनी गाडी थंड असतानाच चालू करून बघायची असते. तापवून ठेवली की सगल्याच चांगल्या चालतात."

"तू हात ठेव टाकीवर," विलास म्हणाला. पैशांचं पाकीट त्याने छातीशी धरलं होतं.

कुंदनने हात ठेवला. महाराजांनी डोळे मिटले. माणसं डोळे मिटलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघतात. मी हातांकडे बघते, कारण काटा मारणारा तोंडाने गोडच बोलत असतो. उजवा हात आशीर्वादाला वर होता. डावा उपरण्याखाली. पुटपुटणं संपलं, उपरणं जरासं हललं, आणि गाडी सुरू झाली.

"ओलखलं! धनी ओलखला!" विलासच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांब," मी म्हटलं. "देवाचं काम हाय, रिकाम्या हातांनी कसं करायचं?" मी तिथलंच पूजेचं ताट उचललं, त्यात नारळ, तांदूळ, फुलं घातली आणि महाराजांपुढे गेले. "घ्या महाराज. आमच्यात गाडी घ्यायच्या आधी गुरूला मान देतात."

महाराजांनी उजवा हात पुढे केला.

"एका हातानं?" मी माईकजवळ तोंड नेऊन विचारलं. "देवाचं ताट एका हातानं घेतात तुमच्याकडं?"

मांडवात कुजबुज झाली. आपल्याकडे प्रसाद एका हाताने घेणाऱ्या पोरालाही टपली बसते, हा तर महाराज. त्यांना डावा हात बाहेर काढावाच लागला. दोन्ही हातांनी ताट धरलं.

"आता याच हातांनी एकदा गाडी सुरू करा. कुंदन, बंद कर ती आणि हात ठेव."

महाराज पुटपुटले. मोठ्याने पुटपुटले. घाम आला. गाडी ढिम्म.

"ताट जड आहे, माऊली. एकाग्रता होत नाही."

"मंग उभं राहून करा. बसून देवाला कोन हाक मारतं?"

पन्नास जण बघत होते. महाराज उठले. मांडीवरून काहीतरी टपकन खाली पडलं. काळं, छोटं, बोटाएवढं. कुंदनने ते उचललं, उलटसुलट बघितलं आणि बटण दाबलं. टुईं टुईं झालं, आणि गाडी फुर्र!

कुंदन हसायलाच लागला. "आजी, रिमोट हाय. चोरी होऊ नये म्हणून अलार्म बसवतात ना, त्याच्यातच चालू करायचं बटन असतं. बाजारात कुठंही मिलतं."

"म्हणजे माझी नाराज झाली होती ती...?" मितेश म्हणाला.

"बटन दाबलं नवतं, एवढंच," मी म्हटलं.

पण फसवणारा एवढ्याने पडत नाही. महाराजांनी ताट खाली ठेवलं आणि आवाज चढवला. "रिमोट सोयीसाठी आहे! नवस, शेंदूर, पूजा ती तर खरी ना? सव्वा महिना पूजा झालेली गाडी आहे ही!"

आणि आमचा विलास! त्याने माझ्याकडे बघितलं, महाराजांकडे बघितलं, आणि म्हणाला, "आये, रिमोटचं सोड. पूजा झालेली गाडी हाय. शेंदराचा तरी मान ठेव."

त्या क्षणी मला तो थर नीट दिसला. टाकीवर कुंकवाचं एक बोट. चाकाला हळदीचा ठिपका. आणि मानेला मात्र पाव किलो शेंदूर! प्रत्येक गाडीच्या मानेलाच. पूजा करणारा एका जागेवर एवढा भक्त कसा झाला? मासळीच्या कल्ल्याला लाल रंग फासून शिळं ताजं म्हणून विकणारे मी बघितलेत. त्यांनाही नेमका कल्लाच सापडतो.

मी पदर हाताला गुंडाळला आणि शेंदूर पुसायला घेतला.

मांडवात हाहाकार झाला. "अहो, अपशकुन!" "आजी, कुंकू पुसू नका!" महाराज ओरडले, "घरावर अरिष्ट येईल!"

मी थांबले आणि वळले. "मी विधवा हाय. ज्या दिवशी माझं कुंकू पुसलं, त्या दिवशी तुमच्यातलं कोनी बोललं नाय, नका पुसू म्हनून. जित्या बाईचं पुसलेलं चालतं आणि लोखंडाचं चालत नाय?"

 मी पुसत राहिले. शेंदूर तेलात कालवलेला, पदर वाया गेला. खाली लोखंड दिसलं, आणि लोखंडावर गांडुळासारखी एक फुगीर रेघ.

कुंदन वाकला. त्याचं हसू गेलं. "पप्पा, हे वेल्डिंग हाय. फाटलेला कंटेनर आमच्या यार्डात असाच जोडतात. ही गाडी इथं तुटली होती." त्याने बोट बाजूला नेलं. "आनि इथं चासीचा नंबर असतो. तो कानशीनं घासलाय. आरसी पुस्तकावरचा नंबर कशाशी जुळवनार? चोरीची पन असू शकते."

"चालवून बघू एकदा," विलास पुटपुटला. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"बसायचं नाय," मी म्हटलं. "नुसती ढकल. सरल, रांगोळीवरनं."

कुंदनने गाडी रांगोळीवरून पुढे नेली. चाकांना पांढरं लागलं आणि पलीकडच्या कोऱ्या फरशीवर रेघा उमटल्या. सरळ ढकललेल्या मोटरसायकलचं मागचं चाक पुढच्याच्या वाटेने जातं, एकच रेघ उमटते. या गाडीच्या दोन उमटल्या. पुढचं चाक एकीकडे, मागचं दोन बोटं बाजूला. सांगाडाच वाकडा. अशी गाडी जोरात ब्रेक मारला की एका अंगाला खेचते. आमच्या रस्त्यावर त्या अंगाला काय असतं, ते विलासला सांगावं लागलं नाही. त्या दोन रेघांकडे बघत त्याने छातीशी धरलेलं पाकीट खिशात घातलं.

पुढचं बघण्यासारखं होतं. आधी मितेशने खिशातून रुमाल काढला आणि आपल्या गाडीचा शेंदूर पुसायला लागला. मग त्याच्या शेजारच्याने. मग सगळ्या मांडवाने. कुणी रुमालाने, कुणी फलकाच्या कापडाने. मघाशी टाळ्या वाजवणारे हात कोपरापर्यंत लाल झाले. सात गाड्यांचे नंबर घासलेले निघाले, चार गाड्यांच्या माना जोडलेल्या. महाराज पांढऱ्या बुटांनी फाटकाकडे निघाले होते, पण फाटकात मितेश उभा राहून फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होता.

हे मी कुणाला शहाणं करायला लिहीत नाही. मला गाडी चालवता येत नाही. पण जुनी घ्यायची असेल तर इंजिनला आधी हात लावा, थंड असताना सुरू करून बघा. पुस्तकातला नंबर लोखंडावरच्या नंबराशी स्वतः जुळवा, आधीच्या मालकाला फोन करा, ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, आणि रांगोळी नसेल तर चाकं ओली करून ढकला. जिथे हार, कापड, शेंदूर लावून झाकलेलं असेल, तिथलं आधी काढा. आणि जो विकणारा 'हात लावू नका' म्हणेल, त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका. देव असला तर पुसल्याने रागावणार नाही. नसला तर वेल्डिंग दिसेल.

फाटकाबाहेर विलास माझ्या लाल पदराकडे बघत उभा होता. "आये," तो म्हणाला, "मना वाटलं, कोनीतरी सांगावं, माझं पोर रोज घरी येल म्हनून."

मी त्याचा हात धरला, तळहात उघडला. त्या सगळ्या मांडवात तेवढा एकच हात स्वच्छ होता.

"विलास, तसं सांगनारा कोन नाय. ते देवजीच्या आईलाही कोनी सांगितलं नवतं. तू मना गप बस बोल्लास, ते मी सोडलं. पन पोराच्या जिवाची वस्तू तू हात जोडून बघितलीस, हात लावून बघितली नाय, ते सोडनार नाय. आजपासनं घरात जी वस्तू येल, ती आधी तू पुसायची. पूजा मंग मी करीन."